न घेतलेल्या घसाऱ्याचे देणे

घर भाड्याने देणाऱ्या मनुष्यास मिळणाऱ्या वजावटींपैकी घसारा ही एकच अशी आहे की जिच्यासाठी त्या वर्षी खिशातून एक दमडीही बाहेर पडत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती विसरली जाते. दुरुस्तीचे बिल येते, विम्याचा हप्ता जातो, नगरपालिकेचा कर भरावा लागतो. या साऱ्यांच्या पावत्या हाती असतात आणि पावती हाती असली म्हणजे ती विवरणपत्रात योग्य रकान्यात जाऊन बसतेच. पण वास्तू एका वर्षाने जुनी झाली याची पावती कोणी आणून देत नाही.

अमेरिकेच्या आयकर कायद्यात या विस्मरणाची किंमत ठरलेली आहे. 1986 सालच्या करसुधारणा कायद्यान्वये, त्या सालच्या 31 डिसेंबरनंतर भाड्याने दिलेल्या निवासी इमारतीची किंमत साडेसत्तावीस वर्षांत सारख्या प्रमाणात विभागून दरसाल भाड्याच्या उत्पन्नातून वजा करावयाची असते. जमीन झिजत नाही, सबब तिची किंमत या हिशेबातून वगळावयाची असते. आणि पुढे घर विकण्याची वेळ आली म्हणजे नफा काढताना मूळ किमतीतून तोवरचा सर्व घसारा कमी करावयाचा असतो. येथवर कोणी आक्षेप घ्यावा असे काही नाही. परंतु संहितेच्या 1016 व्या कलमाने पुढे असे ठरविले आहे की मालकाने प्रत्यक्ष घेतलेला घसारा आणि त्याला कायद्याने घेता आला असता तो घसारा, या दोहोंपैकी जो अधिक तो कमी करावा. म्हणजे ज्याने चौदा-पंधरा वर्षे घसारा घेतलाच नाही, त्याने तो घेतला होता असे धरूनच विक्रीच्या वेळी त्याच्यावर कर आकारला जातो.

पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती मी कल्पिलेल्या आहेत. काका हे न्यू जर्सीतील एडिसन येथे स्थायिक झालेले निवृत्त स्थापत्य अभियंता. पुतणी त्याच राज्यात करसल्लागाराचा व्यवसाय करणारी. काकांनी आपले पहिले घर, मोठ्या घरात राहावयास गेल्यावर, जुलै 2011 मध्ये भाड्याने लावले, आणि आता ते विकावे किंवा कसे याचा विचार चालविला आहे. व्यक्ती कल्पित असल्या तरी कायदा आणि आकडेमोड कल्पित नाही.

पुतणी : काका, तुमची सगळी विवरणपत्रे मी पाहिली. शेड्यूल ईची अठरावी ओळ घसाऱ्याची. एडिसनच्या घरापुढे ती 2011 पासून 2024 पर्यंत एकदाही भरलेली नाही. भाडे आहे, व्याज आहे, विमा आहे, गवत कापणाऱ्याचे पैसेसुद्धा आहेत. फक्त अठरावी ओळ कोरी.

काका : ती कोरी आहे हे मला ठाऊक आहे, आणि ती मी विसरून सोडली असे तू समजू नकोस. निदान पहिली एकदोन वर्षे सोडली तर पुढे मी ती जाणूनबुजून सोडली. मी आयुष्यभर इमारती बांधल्या. झिजणे म्हणजे काय हे मला कागदावरून शिकावे लागत नाही. त्या घराचा पाया अजून रेसभर हललेला नाही, आणि त्याची किंमत मी घेतली त्याहून कितीतरी वाढली आहे. जी वस्तू माझ्या डोळ्यांदेखत महाग होते आहे तिची झीज झाली असे सरकारास लिहून द्यावे आणि त्याबद्दल कर कमी भरावा, हे माझ्या मनास पटले नाही. मी जास्त कर भरला. सरकारचे यात काही नुकसान झाले नाही, आणि माझी तक्रार नाही. मग हा विषय उकरून काढण्यात हशील काय?

पुतणी : किंमत वाढली ती मुख्यतः जमिनीची, काका. तुमच्या नगरपालिकेच्या करनोंदीतसुद्धा जमीन आणि बांधकाम असे दोन वेगळे आकडे असतात. बांधकामाचे म्हणाल तर तुम्हीच मध्यंतरी छप्पर बदललेत. तळघरातली भट्टी तुमच्याच सांगण्याप्रमाणे आता शेवटच्या घटका मोजते आहे. पण ते राहू द्या. इमारत खरोखर किती झिजली हे कायदा विचारतच नाही. तो इतकेच म्हणतो की भाड्याचे जे उत्पन्न तुम्ही दरसाल उपभोगले त्यात इमारतीच्या भांडवलाचा एक अंश परत येत होता, आणि तो अंश उत्पन्न नव्हे. 1927 साली तेलविहिरींच्या मालमत्तेच्या विक्रीवरून लुडीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी हीच भूमिका घेतली : सामग्री वापरली जाते तेव्हा तिची थोडीथोडी विक्रीच होत असते, आणि म्हणून शेवटच्या विक्रीत नफा मोजताना ती आधीची थोडीथोडी विक्री मूळ किमतीतून वजा करावीच लागते.

काका : तत्त्व मला समजले. पण जो भाग मी विकला असे तू म्हणतेस, त्याचे पैसे मी वेगळे काढून घेतले नाहीत. त्यांवर मी कर भरला. आता विक्रीच्या वेळी सरकार म्हणणार की ते पैसे तू करमुक्त घेतलेस, म्हणून आता त्यांवर कर दे. एकाच रकमेवर दोनदा कर! ज्या हक्काचा मी उपयोग केला नाही, त्याची वसुली माझ्याकडून व्हावी, याला तू न्याय म्हणतेस?

येथे काकांची बाजू मला दुबळी वाटत नाही. हक्क हा हक्क असतो तो त्याचा त्याग करण्याच्या स्वातंत्र्यामुळे. ज्याचा त्याग करता येत नाही आणि केल्यास दंड होतो, त्यास हक्क म्हणणे कठीण आहे. कायद्याचा उद्देश समजण्याजोगा आहे हे खरे. हे बंधन नसते तर ज्याचे उत्पन्न एखाद्या वर्षी तोट्यात आहे त्याने त्या वर्षीचा घसारा राखून ठेवावा, आणि ज्या वर्षी कराचा दर चढा आहे त्या वर्षी तो एकदम काढावा, असा व्यवहार सर्वत्र सुरू झाला असता, आणि कोणत्या वर्षाचे उत्पन्न किती हे सांगणे अशक्य झाले असते. परंतु धूर्त माणसास आवरण्यासाठी घातलेले कुंपण निष्कपट माणसाच्या पायात काट्यासारखे रुतते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. पुतणीनेही ती नाकारली नाही.

पुतणी : न्याय म्हणत नाही. केवळ तेवढेच कलम वाचले तर तो अन्यायच आहे. म्हणूनच दुरुस्तीची वाट ठेवलेली आहे, आणि ती वाट न चालता अन्यायाची तक्रार करणे मला बरोबर वाटत नाही. आधी आकडा पाहा. खरेदीच्या वेळचे कागद तुम्ही जपून ठेवलेत हे फार चांगले झाले. स्वतः राहत असलेले घर भाड्याने लावले म्हणजे मूळ किंमत आणि लावतेवेळची बाजारकिंमत यांतली जी कमी ती धरावी लागते, आणि 2011 साली बाजार पडलेला होता, म्हणून मी दोन्ही ताडून पाहिल्या. तुमची मूळ किंमतच कमी निघाली : 3 लाख 85 हजार डॉलर. त्यात जमीन 1 लाख 10 हजार. राहिली इमारत 2 लाख 75 हजार. साडेसत्तावीसने भागले म्हणजे वर्षाला 10 हजार. पहिल्या वर्षी घर जुलैत लागले. तो महिना अर्धा धरायचा, म्हणजे साडेपाच महिन्यांचे सुमारे 4 हजार 583. पुढची तेरा वर्षे पूर्ण. एकूण 1 लाख 34 हजार 583 डॉलर. उद्या घर विकलेत तर या रकमेवर कमाल 25 टक्के दराने कर, म्हणजे सुमारे साडेतेहतीस हजार डॉलरपर्यंत, तुम्ही कधी न घेतलेल्या वजावटीपोटी.

काका : बरे, मग जुनी विवरणपत्रे सुधारून पाठवायची काय? चौदा वर्षांची? आणि त्यांची मुदत तरी उरली आहे काय?

पुतणी : मुदत साधारणतः तीन वर्षांची. त्याच्या मागे गेलेला कर परतावा म्हणून मागता येत नाही. पण तुमच्या बाबतीत सुधारित विवरणपत्र, म्हणजे 1040-एक्स, हा मार्गच नव्हे. बेरीज चुकली असती, किंवा घर भाड्यास लागल्याची तारीख चुकली असती, तर 1040-एक्स योग्य होते. एकाच वर्षाच्या विवरणपत्रात घसारा राहिला असता तरीही ते चालले असते. मात्र लागोपाठ दोन विवरणपत्रांत तीच चुकीची रीत राहिली की कायदा तिला नुसती चूक म्हणत नाही, तुमची हिशेबाची पद्धत म्हणतो. आणि पद्धत बदलायची तर आयुक्तांची संमती घ्यावी लागते. त्यासाठी फॉर्म 3115.

काका : म्हणजे मी चूक जितकी जास्त दिवस केली तितकी ती प्रतिष्ठित झाली.

पुतणी : आणि तेच तुमच्या पथ्यावर पडते. पद्धत बदलली म्हणजे 481 व्या कलमाप्रमाणे, पूर्वीपासून योग्य पद्धत असती तर जी एकूण वजावट मिळाली असती आणि प्रत्यक्षात जी घेतली, त्यांतला सगळा फरक चालू वर्षात एकदम घेता येतो. मुदतीबाहेर गेलेल्या वर्षांचा फरकही त्यात येतो. 2025 च्या विवरणपत्रात 1 लाख 34 हजार 583 एका ओळीत, आणि त्याशिवाय 2025 चे स्वतःचे 10 हजार. 2011 ते 2024 च्या विवरणपत्रांतले एक अक्षरही बदलायचे नाही.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या आक्षेपाच्या मुळाशी होते, असे मला वाटते.

काका : तुझे आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. दप्तरातल्या नोंदीवर खाडाखोड करणे हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. शाईचा थेंब सांडला तरी ते त्यावर कागद चिकटवत नसत. आम्हां भावंडांना त्यांनी एकच शिकवले : जे लिहून सही करून दिले, त्यास पुन्हा हात लावू नये. मी चौदा वर्षे त्या विवरणपत्रांखाली सही केली आहे. शपथेवर सही केली आहे. आता माझे वय झाल्यावर, घर विकायच्या सुमारास, पैसे वाचतात म्हणून ते सगळे चुकीचे होते असे लिहून द्यायचे, हे मला जड जाते.

पुतणी : आजोबा चूक सापडल्यावर काय करीत, तेही बाबांनी मला सांगितले आहे. जुनी नोंद तशीच ठेवीत, तिच्याखाली आजच्या तारखेने दुरुस्तीची नोंद करीत, कारण लिहीत, आणि वरिष्ठांची सही घेत. फॉर्म 3115 मध्ये याहून वेगळे काय आहे? जुन्या विवरणपत्रांना हात लागत नाही. चालू सालात नवी नोंद होते. पूर्वीची पद्धत कोणती, नवी कोणती, फरक किती आणि का, याची कैफियत जोडावी लागते. आणि आयुक्तांची संमती घेतली जाते. उलट तुम्ही जे करू पाहता त्यात चुकीची नोंद दप्तरात तशीच राहते आणि तिच्यावरच पुढची बाकी ओढली जाते. हे आजोबांना चालले असते असे मला वाटत नाही.

या उत्तरानंतर काकांचा स्वर बदलला; पण माणूस एका बाजूने निरुत्तर झाला म्हणजे लगेच राजी होतोच असे नाही, आणि होऊही नये. त्यांचा पुढचा प्रश्न व्यवहाराचा होता.

काका : आयुक्त संमती देतील कशावरून? आणि चौदा वर्षांचा घोळ आपण होऊन त्यांच्यापुढे मांडणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आज माझ्याकडे कोणी विचारणा करीत नाही. उद्या हा अर्ज पाहून कोणी तपासनीस साऱ्या खात्याची झडती घ्यावयास बसला तर?

पुतणी : घसाऱ्याची ही दुरुस्ती स्वयंचलित संमतीच्या यादीत आहे; तिला क्रमांक आहे सात. यादीतल्या अटी पाळून अर्ज वेळेवर दाखल केला की संमती दिली असे समजतात, शुल्कही नाही. मूळ अर्ज विवरणपत्राला जोडायचा आणि एक प्रत खात्याच्या दप्तराकडे टपालाने स्वतंत्र पाठवायची. झडतीची भीती म्हणाल, तर आपण होऊन अर्ज केला म्हणजे त्या बाबीपुरते मागच्या वर्षांना साधारणपणे संरक्षण मिळते. त्याच गोष्टीवरून मागचे वर्ष उकरून पद्धत बदलायला लावीत नाहीत. गप्प बसलेल्या माणसाला हे संरक्षण नसते. हात दाखविण्यापेक्षा हात लपविण्यातच येथे अवलक्षण आहे. हे मी पुण्याच्या सदनिकेमुळे म्हणते आहे.

काका : पुण्याच्या सदनिकेचा काय संबंध? तिचा घसारा तर दरसाल घेतला आहे. ती पहिल्यापासून भाड्याचीच, म्हणून मी तिची तारीख आणि किंमत संगणकाच्या त्या कार्यक्रमात भरली आणि आकडा त्यानेच काढला.

पुतणी : त्याने साडेसत्तावीस वर्षांचा काढला, आणि तीच चूक आहे. ती मुदत अमेरिकेतल्या घरांची. देशाबाहेरच्या मालमत्तेला पर्यायी पद्धत सक्तीची आहे. 2018 पूर्वी भाड्याने लागलेल्या निवासी घरास 40 वर्षे, आणि त्यानंतर लागलेल्यास 30. तुमची सदनिका जानेवारी 2013 मध्ये लागली, म्हणजे 40. रुपयांतली किंमत खरेदीच्या वेळच्या दराने डॉलरात आणून, जमिनीचा अविभक्त हिस्सा वगळला, तर घसाऱ्यास पात्र रक्कम 1 लाख 10 हजार डॉलर होते. तुम्ही दरसाल 4 हजार घेतलेत. मिळायला हवे होते 2 हजार 750. फरक वर्षाला साडेबाराशे, आणि 2024 अखेर सुमारे 15 हजार डॉलर जादा घेतले गेले.

काका : भारतात या सदनिकेचा कर मी वेगळा भरतो. तेथे तर घसारा असा काही नसतोच.

पुतणी : नसतोच. 1961 च्या आयकर कायद्यात भाड्याच्या उत्पन्नातून नगरपालिकेचा कर वजा केला की उरलेल्या रकमेच्या 30 टक्के ठोक वजावट. खर्च झाला असो वा नसो, घर नवे असो वा शंभर वर्षांचे असो. म्हणून तिकडच्या रिवाजावर वाढलेल्या आपल्या माणसांना इकडे अठरावी ओळ कोरी ठेवण्यात काही वावगे वाटत नाही. आणि जे ती भरतात त्यांतले कित्येक एडिसन आणि पुणे एकाच मापाने मोजतात. एकाच सदनिकेचे दोन देशांत दोन हिशेब ठेवावे लागतात, आणि एकाचा नियम दुसऱ्यास चालत नाही, हे मला रोज कोणाला ना कोणाला सांगावे लागते.

काका : मग हे 15 हजार मी परत करायचे?

पुतणी : उत्पन्नात मिळवायचे. तेही याच फॉर्मच्या वाटेने. दुरुस्ती तुमच्या विरुद्ध जाते तेव्हा फरक चार वर्षांत विभागून दाखविता येतो, दरसाल सुमारे 3 हजार 750. आणि रक्कम 50 हजारांच्या आत असल्यामुळे हवे तर एकाच वर्षात संपवून टाकता येतो. पण तपासनीसाने आधी पकडले तर चार वर्षांची ही सवड मिळत नाही. सगळी रक्कम एकदम, वर व्याज. सरकारचे काही नुकसान झाले नाही असे तुम्ही मघाशी म्हणालात, काका. एडिसनच्या घरापुरते ते खरे होते. पुण्याच्या सदनिकेपुरते खरे नाही.

या ठिकाणी दोघांच्या वादाचे स्वरूप पालटले, आणि मला तर हा सारा मामला याच एका गोष्टीसाठी लिहून ठेवावासा वाटला. काकांची आतापर्यंतची भूमिका अशी होती की आपल्या तोट्याची चूक तशीच राहू देण्यात एक प्रकारचा सात्त्विकपणा आहे. परंतु ज्याला आपल्या तोट्याच्या चुकीकडे पाहावयाचे नाही, तो आपल्या लाभाच्या चुकीकडेही पाहत नाही, कारण पाहणे ही क्रिया एकच आहे. विवरणपत्राची घडी उघडली म्हणजे दोन्ही चुका दिसणार, आणि मिटली म्हणजे दोन्ही झाकल्या जाणार. ज्या सचोटीपायी काकांनी अठरावी ओळ कोरी ठेवली, तीच सचोटी त्यांस आता ती भरावयास सांगते.

काका : पुण्याचे आधी कर. ते माझ्याकडून राहता कामा नये. एडिसनचे मात्र मला अजून पुरते उमगले नाही. समजा मी घर विकलेच नाही. माझ्या मागे ते मुलांना जाईल. मग विक्रीही नाही आणि तो 25 टक्क्यांचा करही नाही.

पुतणी : बरोबर आहे. वारसाच्या हाती घर आले म्हणजे मृत्यूच्या दिवशीची बाजारकिंमत हीच त्याची मूळ किंमत धरली जाते. तुमच्या काळातला घसारा, घेतलेला असो वा न घेतलेला, पुसला जातो. पण त्याचबरोबर तुम्ही न घेतलेली वजावटही कायमची जाते. विकायचे असेल तर दुरुस्ती न करणे म्हणजे कर दोनदा भरणे. न विकता ठेवायचे असेल तर दुरुस्ती न करणे म्हणजे तुमचा एक लाख चौतीस हजारांचा हक्क मातीत घालणे. दोहोंपैकी कोणत्याही बाजूने पाहिले तरी कोरी ओळ फायद्याची ठरत नाही.

काका : आणि एवढी वजावट एका वर्षात मला मिळेल तरी का? माझे निवृत्तीचे उत्पन्न आहे किती!

पुतणी : सगळी एका वर्षात कामी येणार नाही, हे आधीच सांगते. आधी ती भाड्याच्या उत्पन्नाशी फिटेल. पुढे, तुम्ही स्वतः भाडेकरू निवडता, दुरुस्त्या मंजूर करता, आणि तुमचे एकूण उत्पन्न 1 लाख डॉलरच्या आत आहे, म्हणून वर्षाला 25 हजारांपर्यंतचा तोटा इतर उत्पन्नातून वजा होईल. उत्पन्न 1 लाखाच्या वर गेले की ही सवलत घटत जाते आणि दीड लाखास संपते. नोकरीत असणाऱ्या तरुण जोडप्यांना ती बहुधा मिळतच नाही. पण जी वजावट उरते ती बुडत नाही. ती पुढच्या सालांत ओढली जाते, आणि घर परक्याला पूर्णपणे विकले त्या वर्षी शिल्लक असेल तेवढी मोकळी होते. म्हणजे ज्या वर्षी 25 टक्क्यांचा कर यायचा त्याच वर्षी तिचा उपयोग होतो.

काका : विकल्यानंतर लक्षात आले असते तर?

पुतणी : एके काळी घर हातचे गेले म्हणजे ही वाट बंद होई. 2004 पासून विक्रीच्या वर्षाच्या विवरणपत्राबरोबरही हा अर्ज देता येतो. पण विक्रीच्या घाईत, पुन्हा घर सोडण्याची, सामानाची, वकिलाची गडबड चालू असता, वीस वर्षांपूर्वीचे खरेदीपत्र कोण शोधीत बसणार? तुमचे ते कागद पिवळे पडलेले का होईनात, पण सापडले. छपराची पावती मात्र अजून मिळालेली नाही. ते छप्पर तुम्ही दुरुस्तीखर्चात टाकलेत की सोडूनच दिलेत, हे मला कळले पाहिजे. नवे छप्पर ही दुरुस्ती नव्हे, ते बसविले त्या महिन्यापासून त्याचीही साडेसत्तावीस वर्षे स्वतंत्र मोजावी लागतात. भाडेकरूसाठी घेतलेली शेगडी आणि फ्रीज मात्र पाच वर्षांच्या वर्गातले. राज्याच्या कराचा हिशेब निराळा; तो आपण नंतर पाहू.

काका : छपराची पावती तुझ्या काकूच्या कपाटात असेल. पण एक ऐक. एडिसनची दुरुस्ती मी करीन. कायदा तसे सांगतो आणि तू मला ती खाडाखोड नव्हे हे पटवून दिलेस. तरीही, ज्या मनुष्याने सरकारास जास्त दिले त्याने योग्य अर्ज केला नाही म्हणून त्याच्याकडून पुन्हा घ्यावे, हा नियम मला मान्य नाही, आणि तू कितीही आकडे मांडलेस तरी होणार नाही.

पुतणी : तो मलाही मान्य करवत नाही, काका. ज्यांना मुलगी किंवा पुतणी करसल्लागार नाही, त्यांचे काय होत असेल, हे मनात येतेच.

मीही या बाबतीत काकांच्या बाजूस आहे. घेतला नसलेल्या घसाऱ्यावर कर लावणारे कलम ज्या सरकारने लिहिले, त्याच सरकारच्या विवरणपत्रात ती ओळ कोरी राहिल्यास विचारणा करणारी एकही खूण असू नये, हे मला गैर वाटते. भाड्याचे उत्पन्न दाखविले आणि घसारा शून्य, ही विसंगती पहिल्याच वर्षी ध्यानात आणून देणे अवघड नाही. दोन डॉलरच्या व्याजाची नोंद राहिली तर ज्या खात्याचे पत्र दारी येते, त्याने हे मौन पाळावे हे उचित नव्हे. नियम बदलेल तेव्हा बदलो. तोवर परदेशात वा स्वदेशी राहून अमेरिकेचे विवरणपत्र भरणाऱ्या आणि घर भाड्याने दिलेल्या प्रत्येक वाचकास माझी विनंती आहे, की यंदाचे विवरणपत्र पाठविण्यापूर्वी मागच्या सालचे शेड्यूल ई काढून अठरावी ओळ पाहावी. ती कोरी असेल तर, आणि घर भारतातले असून घसारा साडेसत्तावीस वर्षांच्या दराने घेतलेला असेल तरीही, जाणत्या सल्लागारास ती दाखवावी. 2025 सालच्या विवरणपत्राची मुदत 15 एप्रिल 2026 आहे. वाढवून घेतल्यास 15 ऑक्टोबर.